घरगुती मेणबत्त्यांसाठी आणलेलं सुवासिक तेल चांगलं आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की बाटली उघडली की मोगऱ्याचा घमघमाट सुटतो, पण सोया मेणाची मेणबत्ती पेटवल्यावर शेजारी बसूनही वास येत नाही; मग तेल भेसळीचं आहे का? असेलही, पण बाटलीला नाक लावून ते कळणार नाही. बाटलीतून आधी नाकात शिरतात ते पटकन उडणारे हलके घटक. मेणबत्तीचा वास येतो तो वातीभोवती वितळलेल्या तापल्या मेणातून, आणि तिथे गणित वेगळं असतं. म्हणून मी दुकानात फक्त नापसंत तेलं बाजूला काढते, पसंती पेटवून बघितल्यावरच.

नापसंतीसाठी कागदाची पट्टी पुरते. एक थेंब टाका. लगेच, अर्ध्या तासाने आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हुंगा. सकाळी नुसता रॉकेलसारखा दर्प उरला असेल तर ते तेल नको. लिंबू-संत्र्याला यातून सूट, ते मुळातच टिकत नाहीत.

दुकानदाराला विचारायचा पहिला प्रश्न म्हणजे हे तेल मेणासाठीच आहे का. अगरबत्तीचं, डिफ्यूझरचं आणि मेणबत्तीचं तेल बरेचदा एकाच फळीवर असतं. त्यातलं काही डीपीजी नावाच्या द्रवात पातळ केलेलं असतं, आणि डीपीजी मेणात मिसळत नाही. घरी तपासायला सोपं आहे. काचेच्या छोट्या ग्लासात वितळलेलं मेण घ्या, तेल घालून दोन मिनिटं ढवळा आणि ग्लास खिडकीच्या उजेडासमोर धरा. एकजीव झालं असेल तर आरपार दिसतं. गढूळ दिसलं किंवा तळाशी वेगळे थेंब लोळताना दिसले, तर तुमच्या मोगऱ्याचं कोडं तिथेच सुटलं. जळताना वात तडतडत असेल तर पाण्याचा अंश आहे असं समजा.

आता खरी परीक्षा. १०० ग्रॅम मेणाला ६ ग्रॅम तेल, काट्यावर मोजून. थेंब मोजत बसू नका, प्रत्येक तेलाचा थेंब वेगळ्या वजनाचा. सोया मेण ७०-७५ अंशांवर असताना तेल घाला. सोबत त्याच मेणाची, त्याच वातीची एक बिनवासाची मेणबत्ती ओता. ती आळशीपणाने वगळू नका, कारण काजळी किंवा करपट वास मेणाचा की तेलाचा, हे तीच सांगते. मग सोयाला एक-दोन आठवडे मुरू द्या. पॅराफिनला दोन-तीन दिवस चालतात. बहुतेकांची घाई इथेच नडते. मुरल्यावर लहान खोलीत, पंखा बंद करून, दोन तास जाळा आणि वास कसा आहे ते बाहेरून आलेल्या माणसाला विचारा. तुमचं नाक एव्हाना त्या वासाला सरावलेलं असतं. मोगऱ्याबाबत तर दुसरं नाक हवंच. त्यात इंडोल नावाचा घटक असतो. तो जास्त झाला की गरम खोलीत तोच मोगरा डांबरगोळीच्या वळणावर जातो.

वास आला नाही म्हणून तेल वाढवू नका. आधी बघा, वितळलेलं मेण ग्लासच्या कडेपर्यंत पोचतंय का. नसेल तर वात बारीक आहे, तेलाचा दोष नाही. जास्त तेलाने मेणाला घाम फुटतो, वात तुंबते आणि तिच्या टोकाला काजळीचा गोळा धरतो.

विक्रेत्याकडून इफ्राचं (सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या सुरक्षा-नियमांचं) प्रमाणपत्र मागा. मेणबत्त्या त्यात १२व्या वर्गात येतात. तिथे कधीकधी १०० टक्के लिहिलेलं असतं, पण ती सुरक्षिततेची मर्यादा आहे. मेण तेवढं तेल धरेल असा त्याचा अर्थ नाही. फ्लॅश पॉइंटही विचारा. त्या तापमानाला वास उडून जातो हा गैरसमज आहे. तेलाची वाफ ठिणगी मिळाल्यास पेट घेऊ शकते, असं ते तापमान. संत्र्याच्या तेलाचं ते ५० अंशांच्या आसपास असतं, म्हणून गॅस बंद करूनच तेल ओता.

व्हॅनिलाची मेणबत्ती काही दिवसांत पिवळट-तपकिरी झाली तर विक्रेत्याशी भांडू नका. ते व्हॅनिलिनमुळे होतं, चांगल्या तेलातही. पांढरीशुभ्रच हवी असेल तर व्हॅनिलिन नसलेला वास निवडा.