काल रात्रीची क्वार्टर, आज सकाळचं मशिन

रात्री आठला बसलो, अकरापर्यंत एक क्वार्टर संपवली. सकाळी सातला शिरोली एमआयडीसीत शिफ्ट असते. गेटवर मशिनमध्ये फुंकायला लावतात. सापडेन का?

वजन सांगितलं नाहीत, आणि सगळं त्यावरच आहे. क्वार्टरभर, म्हणजे १८० मिली व्हिस्कीत ४२.८ टक्क्यांनी साधारण ६१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येतं. वजन ७० किलो असेल तर हिशेबाने १०० मिली रक्तात सुमारे १३० मिलिग्रॅम, ५५ किलो असेल तर १६५. बाईमाणसाच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्यामुळे तेवढ्याच वजनाला आकडा आणखी वर जातो.

यकृत हा आकडा तासाला सरासरी १५ ने उतरवतं, कुणाचं १० ने, कुणाचं २० ने. पहिल्या घोटापासून सातपर्यंत ११ तास होतात. सरासरी यकृत असेल तर ७० किलोचा माणूस पहाटे पाचच्या आतच कोरा होतो, ५५ किलोचा बरोबर सातच्या सुमारास. यकृत संथ असेल तर मात्र सातला पहिल्याच्या रक्तात २० उरतात आणि दुसऱ्याच्या ५५. दारू पिऊन गाडी चालवण्याच्या, म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे हा दुसरा गडी गाडीवर असेल तर गेटवर पोहोचायच्या आधी वाटेतल्या तावडे हॉटेल चौकातच पोलिसांच्या तपासणीत अडकू शकतो, झोप पुरी झाली असली तरी. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार दंड किंवा दोन्ही. कारखान्याचा नियम शून्याचा असेल तर २० वाला पण घरी जाणार.

‘फक्त बिअर’ म्हणणाऱ्यांसाठी: ८ टक्के स्ट्राँगच्या ६५० मिलीच्या एका बाटलीत दोन लार्ज पेगांएवढं अल्कोहोल असतं.

तांबडा रस्सा ओरपला, लिंबूपाणी घेतलं, गार पाण्याने आंघोळ केली, तर लवकर उतरते का?

नाही. अल्कोहोलचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग यकृतच संपवतं, आणि ते आपल्या ठरलेल्या गतीनेच. घाम, लघवी, श्वास यांतून जातं ते किरकोळ. पिण्याआधी पोटभर जेवलं तर चढण्याचा वेग कमी होतो, नंतर जेवून काही उपयोग नाही. कॉफीने झोप उडते, आकडा तोच राहतो.

मी दशमूलारिष्ट घेते. स्कूटीवर जाताना राजारामपुरीत नाकाबंदी लागली तर?

आसव-अरिष्टांत आंबवण्यातून तयार झालेलं अल्कोहोल असतं, ५ ते १० टक्के. ३० मिलीच्या मात्रेत फार तर अडीच ग्रॅम, त्याने रक्तातला आकडा ३० च्या जवळपासही जात नाही. गडबड होते ती तोंडात उरलेल्या थेंबांची. मशिन फुफ्फुसातल्या हवेवरून रक्ताचा अंदाज बांधतं, २१०० मिली श्वासात जेवढं तेवढंच १ मिली रक्तात असं धरून. तोंडातलं अल्कोहोल त्यात मिसळलं की आकडा फसवा येतो. माउथवॉशचंही तेच. चूळ भरा, १५ मिनिटं थांबा, मगच निघा. पोलिसांनाही औषध सांगून तेवढ्या वेळाने पुन्हा चाचणी मागा.

अपघातानंतर भावाचं रक्त घेताना दंडाला स्पिरिट लावलं होतं. रिपोर्ट चुकीचा येईल का?

शंका घ्यायला जागा आहे. आपल्याकडे १९५९ च्या दारूबंदी नियमांतच सांगितलंय की या तपासणीचं रक्त घेताना कुठल्याही टप्प्यावर अल्कोहोलचा स्पर्श नको. कातडी पुसायची ती निर्जंतुक पाण्याने. रक्त किमान ५ मिली, कुपीत गोठणरोधक आणि परिरक्षक, वर सील. परिरक्षक म्हणून सोडियम फ्लोराइड वापरतात. ते कमी पडलं आणि कुपी उन्हात राहिली तर जंतूच अल्कोहोल तयार करू शकतात. बूच सैल असेल तर उलट, उडून आकडा उतरतो. तेव्हा वकिलांना रिपोर्टमधल्या आकड्याआधी रक्त घेतल्याची वेळ, फॉर्म आणि सील तपासायला सांगा.

नवऱ्याचं व्यसनमुक्तीचं औषध चालू आहे. ‘महिनाभर शिवलो नाही’ म्हणतात. कुठली तपासणी करावी? त्यांना शुगर आहे.

रक्त किंवा श्वास कालचंच सांगेल, फार तर २४ तासांपर्यंतचं. लघवीतलं ईटीजी, म्हणजे एथिल ग्लुक्युरोनाइड हा दारूपासून शरीरात बनणारा पदार्थ, भरपूर प्यायल्यावर सुमारे तीन दिवस सापडतं. रक्तातलं पीईटीएच (फॉस्फॅटिडिल इथेनॉल, हाही दारूपासूनच बनणारा पदार्थ) दोन ते चार आठवडे. तुमच्या प्रश्नाला हीच योग्य. केसांच्या मुळाकडच्या तीन सेंटिमीटरमध्ये तीन महिन्यांचा हिशेब असतो, पण केस ब्लीच केलेले असतील तर तो पुसला जातो. नुसत्या जीजीटीवरून, म्हणजे यकृताच्या एन्झाइमच्या रक्ततपासणीवरून, भांडू नका, ते यकृतावर चरबी असली तरी वाढतं.

शुगरवाल्यांच्या लघवीत साखर आणि यीस्ट असेल तर बाटलीतच ती आंबते आणि न पिताही अल्कोहोल पॉझिटिव्ह येतं. म्हणून साध्या लघवीच्या अल्कोहोल चाचणीवर जाऊ नका, सोबत ईटीजी करायला सांगा. अल्कोहोल आहे पण ईटीजी नाही, असं आलं तर बहुधा आंबलंय. ईटीजीला दर मिलीला १०० नॅनोग्रॅमची मर्यादा लावली तर हाताला वारंवार लावलेला सॅनिटायझरही सापडू शकतो. लॅबला ५०० चा आकडा विचारा आणि नमुना त्याच दिवशी फ्रीजमधून पाठवा.