आवाज फाटका नाहीये, रेकॉर्डिंग फाटलंय

प्रश्न: मुलगी 12वीला आहे, 11वीत 71 टक्के होते. तिला व्हॉइसओव्हर आर्टिस्ट व्हायचंय. आवाज बारीक आहे, जरा जोरात बोलली की फाटतो. घरी पाहुणे आले होते तेव्हा तिचं एक रेकॉर्डिंग स्पीकरवर लावून सगळ्यांना खरं मत विचारलं, सगळे हसले. तेव्हापासून ती फारशी बोलत नाही, रेकॉर्डिंगही बंद केलंय. तिला स्वतःलाही तिचा आवाज आवडत नाही म्हणते. शिवाय आता एआय आलंय. हा नाद सोडायला तिला कसं समजवावं? सोबत क्लिप जोडतोय.
– एक वडील

दादा, पत्रात मार्क आहेत, एआय आहे, पुढची काळजी आहे, पण मी अडकले ते मधल्याच वाक्यात. सगळे हसले, तेव्हापासून ती फारशी बोलत नाही. हे लिहून तुम्ही लगेच पुढच्या मुद्द्यावर गेलात, मला काही जाता येईना. एका 17 वर्षांच्या मुलीने दार लावून एकटीने काहीतरी करून बघितलं होतं, कच्चं होतं, कुणाला ऐकवायला दिलं नव्हतं, आणि ते तिच्या बाबांनीच भरल्या घरात लावलं. तुमच्या मनात वाईट नव्हतं हे कळतंय मला, चार लोकांनी सांगितलं तर पटेल असं वाटलं असणार. पण तिच्यापर्यंत मत पोचलंच नाही, हसणं पोचलं. चित्र किंवा निबंध कुणी हसलं तर कपाटात ठेवून देता येतो, आवाजाचं तसं नाही ना, त्याच आवाजात ती तुम्हाला हाक मारते, मैत्रिणींशी बोलते. म्हणून तिने बोलणंच कमी केलंय.

तेव्हा समजवायचं बाजूला ठेवा, आधी माफी मागा. "पाहुण्यांसमोर लावलं ते माझं चुकलं, तुला विचारायला हवं होतं", बास एवढंच, त्याला 'पण' जोडू नका आणि मस्करी होती असंही म्हणू नका. क्लिप मला पाठवतानाही तिला विचारल्याचं पत्रात कुठे दिसत नाही, आणि ते माझ्या लक्षात आलं तोवर मी ऐकून झाले होते, तेही तिला सांगा.

आता ऐकलंच आहे तर सांगते. हेडफोन लावून दोनदा ऐकलं. तुम्ही ज्याला फाटका आवाज म्हणताय तो आवाज नाहीच, फोन तोंडाच्या अगदी जवळ धरलाय त्यामुळे ती जोरात बोलली की माइकची झेपायची मर्यादा संपते आणि रेकॉर्डिंग फाटतं, कुणाचंही फाटेल. प्रत्येक 'प' आणि 'फ'ला जो धप्प आवाज येतो तो हवेचा झोत थेट माइकवर आदळल्यामुळे, माइक जरा बाजूला तिरका धरला तरी खूप कमी होतो. मागे पंखा घरघरतोय, खोली घुमतेय, कपड्यांनी भरलेल्या कपाटासमोर बसली असती तरी निम्मं काम झालं असतं. हे सगळं बाजूला काढलं की उरतं काय, तर गोष्टीतली आजी बोलायला लागते तिथे मुलीने आवाज अजिबात जाड केलेला नाही, नुसता वेग कमी केलाय आणि वाक्याच्या मध्येच श्वास घेतलाय, दम लागलेलं म्हातारं माणूस घेतं तसा. हे तिला कुणी शिकवलंय का? शिकवलं नसेल तर लक्ष द्या.

आणि हा बारीक आवाजाचा मुद्दा, हा गैरसमज मला इतक्या पत्रांत भेटतो की आता स्पष्टच लिहिते. व्हॉइसओव्हर म्हणजे भारदस्त आवाज असं नसतं, ते अभिनयाचं काम आहे, फक्त चेहरा दिसत नाही. भारदस्त आवाज लागणारी कामं असतात, पण लहान मुलं, कार्टून, गोष्टी, गेम्स, ऑडिओबुक, डबिंग या सगळ्यात बारीक आवाजाला भरपूर जागा आहे. 'द सिम्प्सन्स' या अमेरिकन कार्टून मालिकेतल्या बार्ट या 10 वर्षांच्या पोराचा आवाज 1987 पासून नॅन्सी कार्टराइट ही बाई देतेय. ती गेली होती त्याच्या बहिणीच्या रोलच्या ऑडिशनला, तिथे तिला बार्टच आवडला. खऱ्या मुलाचा आवाज वयात आला की फुटतो, बाईचा तसा फुटत नाही, त्यामुळे मुलांच्या पात्रांना बायकांचे आवाज वापरणं ही या धंद्यातली नेहमीची गोष्ट आहे. राहिलं तिला स्वतःचा आवाज न आवडणं. बोलताना आपण आपला आवाज कानांबरोबर कवटीच्या हाडांतूनही ऐकतो म्हणून तो भरदार वाटतो, रेकॉर्डिंगमध्ये तो भाग नसतो. सुरुवातीला बहुतेकांना परकाच वाटतो, सवयीने जातं.

एआयबद्दल मात्र तुमची भीती खोटी नाही. फोनवरच्या सूचना, साधं माहिती वाचून दाखवणं, असली कामं मशीनकडे जातायत आणि ती परत येतील असं मी तिला सांगणार नाही. अमेरिकेत गेम्सना आवाज देणाऱ्या कलाकारांनी जुलै 2024 मध्ये संप केला तो याच मुद्द्यावर, जवळजवळ 11 महिने चालला. म्हणून उद्या तिला पहिलं काम मिळालं की करारात एक ओळ शोधायची, आपला आवाज एआयला शिकवायला किंवा त्याची नक्कल बनवायला वापरणार आहेत का. ती अजून 18 वर्षांची झालेली नाही, सही तुमचीच लागेल, म्हणजे वाचायचंही तुम्हालाच आहे.

शिक्षणाचं म्हणाल तर 12वी नीट पास व्हायचं आणि आवडेल त्या विषयात पदवी घ्यायची, 71 टक्क्यांनी इथे काही अडत नाही. पण कमाई पहिली काही वर्षं बेभरवशाची असते, ऑडिशन खूप आणि होकार थोडे, त्यामुळे सोबत दुसरं काही काम येत असलेलं बरं. काम मिळवून देण्याची हमी देणाऱ्या कोर्सला एक रुपयाही देऊ नका. त्यापेक्षा तिने रोज 20 मिनिटं मोठ्याने वाचावं, आधी न बघितलेलं पान, अडखळलं तरी पुढे जायचं. चंद्र आणि चांदणं यातले दोन्ही 'च' वेगळे ऐकू आले पाहिजेत. डबिंगची आवड असेल तर कुठलाही सीन म्यूट करून पात्राचे ओठ बघावेत, प, ब, म ला ओठ मिटतात, वाक्य तिथे बसवावं लागतं, आणि हे वाटतं त्यापेक्षा फार अवघड आहे. घसा बसला असेल त्या दिवशी सुट्टी, आवाज ताणून काम करायचं नाही.

हे मात्र लगेच तिच्यासमोर ठेवू नका. आधी ती माफी, मग काही दिवस जाऊ देत, तिला वाटलं तर ती स्वतः परत रेकॉर्ड करेल, पंखा तेवढा बंद करायला सांगा. आणि पुढचं पत्र तिला लिहायचं असेल तर तिने लिहावं, क्लिप पाठवायची की नाही हे तीच ठरवेल.