एकच बेट

प्रिय बाळ,

तुझी ग्रीसच्या सहलीची यादी दोनदा वाचली. नऊ रात्री: अथेन्स दोन, मिकोनोस दोन, नाक्सोस दोन, सांतोरिनी दोन आणि ‘शांत बेट म्हणून’ अनाफी एक. खाली प्रश्न, “काका, एक रात्र पुरेल ना? की तीही काढून टाकू?”

काढायचीच असतील तर बाकीची तिन्ही बेटं काढ. एकच बेट ठेव.

तिथे बघायचं काय, असं मैत्रिणी विचारतायत म्हणे. जेमतेम तीनशे माणसं, डोंगरावर होरा नावाचं गाव, खाली बंदर. पूर्वेच्या टोकाला कालामोस, समुद्रातून उठलेला साडेचारशे मीटरहून उंच अखंड खडक. माथ्यावर कालामिओतिसा मातेचं, म्हणजे मेरीचं, पांढरं देऊळ, पायथ्याला मठ. अपोलोचं जुनं मंदिर होतं तिथेच, त्याचेच दगड वापरून तो बांधलाय. 8 सप्टेंबरला मातेचा उत्सव असतो. आपल्या वांद्र्याची माउंट मेरीची जत्रा भरते ती मेरीच्या याच जन्मदिवसाची.

2011 साली मीही तिथे एकच रात्र राहिलो. कालामोस लांबूनच पाहिला. खानावळीतल्या आजींच्या नातवाने सांगितलं, “उद्या मासे येतील, थांबा.” मी घड्याळ दाखवलं. सांतोरिनीचं हॉटेल आधीच भरलं होतं ना! तिथला सूर्यास्त लोकांच्या खांद्यांवरून पाहिला. तो ‘उद्या’ मला अजून टोचतो.

2018 मध्ये पुन्हा गेलो, फक्त अनाफीला. पहिले तीन दिवस नुसता झोपलो, पोहलो. चौथ्या दिवशी कालामोस चढलो. चौथ्या दिवशी! तुझ्या यादीत चौथा दिवस कुठल्याच बेटाच्या वाट्याला नाही, कळतंय का तुला?

पुढे मेल्तेमी सुटला. उन्हाळ्यातला तो उत्तरेचा वारा चढला की बोटी बंद. दोन दिवस अडकलो, विमान चुकलं, पैसे बुडाले. घरी ते अजून ऐकवतात. ऐकवू देत. त्या दोन दिवसांत बेकरीवाला मला हाक मारून पाव देऊ लागला, बोटीची बातमी मला दारात येऊन सांगू लागले. चार बेटं फिरणाऱ्याला हे मिळत नाही. मी चुकलो नव्हतो, चूक 2011 ची होती.

तू माझ्यासारखी हट्टी आहेस, म्हणून एवढं रागावतोय. पण विमानाचं तेवढं माझ्यासारखं करू नकोस. सहा रात्री अनाफी, शेवटच्या तीन अथेन्स. तिथे अ‍ॅक्रोपोलिस टेकडीच्या उत्तर उतारावर अनाफिओतिका वस्ती बघ. 19व्या शतकात, ओथो राजाच्या काळात, अनाफीचे गवंडी राजधानीत कामाला आले आणि त्यांनी तिथे आपल्या गावासारखीच पांढरी, बुटकी घरं बांधली. बेट सोडून आलेल्यांची ती घरं बेटावरून परतताना बघ, आधी नको.

व्हिसाच्या अर्जाला मुक्कामाची बुकिंग जोडावी लागतात, तेव्हा यादी आजच बदल. अर्जाची तारीख कधीची मिळाली?

तुझा काका