ग्रँडमास्टर नसलेला गुरू

प्रश्न : बुद्धिबळ प्रशिक्षक मार्क ड्वोरेत्स्की स्वतः ग्रँडमास्टर (बुद्धिबळातील सर्वोच्च किताबाचे मानकरी) नव्हते, तरी नामवंत ग्रँडमास्टर त्यांच्याकडे शिकत. खेळाडू म्हणून यश न मिळाल्यामुळे ते प्रशिक्षणाकडे वळले का?

उत्तर : असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. १९४७ साली मॉस्कोत जन्मलेल्या ड्वोरेत्स्की यांनी १९७३ मध्ये त्या शहराचे अजिंक्यपद पटकावले होते, आणि तेव्हा मॉस्कोची स्पर्धा जिंकणे ही लहानसहान गोष्ट नव्हती. १९७५ मध्ये इंटरनॅशनल मास्टर (ग्रँडमास्टरच्या खालोखालचा किताब) झाल्यावर ग्रँडमास्टर किताब मिळवण्याची कुवत अंगी असूनही त्यांनी आपली शक्ती हळूहळू शिकवण्याकडे वळवली, ती मनापासूनच्या ओढीने.

त्यांचे शिष्य व्हॅलेरी चेखोव (१९७५), आर्तुर युसुपोव (१९७७) आणि सर्गेई डोल्मातोव (१९७८) जागतिक ज्युनियर विजेते झाले. चार वर्षांत एकाच गुरूचे तीन जगज्जेते! माझ्या मते यामागचे खरे कारण म्हणजे विद्यार्थ्याचा नेमका दोष हेरून त्यावर बेतलेल्या पटावरील स्थिती त्याच्यापुढे ठेवण्याची त्यांची पद्धत. त्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे निवडक स्थितींचा संग्रह जमवला होता.

डावाच्या अंतिम भागावर त्यांचा विशेष भर असे. या भागाचे सौंदर्य पाहायचे असेल, तर रिचर्ड रेटी यांची १९२१ची प्रसिद्ध रचना पटावर मांडून पाहावी (घराच्या नावातील अक्षर उभी ओळ आणि आकडा आडवी ओळ दाखवतो) : पांढऱ्याचा राजा एच ८ वर व प्यादे सी ६ वर, काळ्याचा राजा ए ६ वर व प्यादे एच ५ वर, आणि खेळी पांढऱ्याची. काळे प्यादे हाती लागणे अशक्य दिसते. पण राजा जी ७, एफ ६, ई ५ असा तिरका उतरतो, तेव्हा प्रत्येक चालीत तो त्या प्याद्याचा पाठलागही करतो आणि स्वतःच्या प्याद्याच्या मदतीलाही जवळ येतो, त्यामुळे काळ्याला दोन्ही धोके एकदम रोखता येत नाहीत आणि डाव बरोबरीत सुटतो. अशा रचना ड्वोरेत्स्की केवळ सोडवायला देत नसत, तर प्रतिस्पर्ध्यासमोर बसून प्रत्यक्ष खेळायला लावत, कारण उत्तर ठाऊक असणे आणि घड्याळ चालू असताना ते शोधणे यांत फार अंतर आहे. प्रतिस्पर्ध्याला काय करायचे आहे, हा प्रश्न प्रत्येक चालीआधी स्वतःला विचारण्याची सवय हेही त्यांच्या शिकवणीचे मोठे अंग होते.

२०१६ मध्ये त्यांचे निधन झाले. युसुपोव पुढे जर्मनीत स्थायिक झाले आणि त्यांनीही प्रशिक्षक म्हणून नाव कमावले.