जिथे बसवतील तिथे

"सासूबाई घर विकायला तयार होत नाहीत. त्यांच्या आठवणी गुंतल्यात तिथे. त्यांना कसं समजवायचं?"

समुपदेशक म्हणून काम करताना, थोड्याफार फरकाने हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे इतकी कुटुंबं येऊन गेली, की आता त्यावर लिहायलाच हवं. कुणी मुलुंडचं असतं, कुणी पार्ल्याचं, कुणी बोरिवलीचं. घर वडिलांनी घेतलेलं, वन रूम किचन नाहीतर लहानसा वन बीएचके. नातवंडं वाढली, जागा पुरेना आणि मुंबईत मोठं घर आवाक्याबाहेर. मग सरळ हिशोब मांडला जातो: हे विकायचं आणि ठाणे, डोंबिवली, बदलापूर असं कुठेतरी मोठं घ्यायचं. त्या हिशोबात अडचण एकच राहते, ती म्हणजे आई.

मंदार आणि सायली (नावं आणि काही खुणा बदलल्या आहेत) असेच आले. मुलुंड पूर्वेला ३८० चौरस फूट कार्पेटचं घर, वडिलांनी १९९१ मध्ये घेतलेलं. राहणारी माणसं पाच. सायलीला आठवड्यातले तीन दिवस घरून काम. महत्त्वाची मीटिंग असली की ती लॅपटॉप वॉशिंग मशीनवर ठेवून उभ्याने बोलायची, कारण दार लावून घेता येईल अशी तेवढीच जागा. दहावीतली मुलगी जिन्यात बसून अभ्यास करायची. हे सांगताना सायलीचा आवाज चढत नव्हता, आणि तेच मला जास्त टोचलं.

"तीन गिऱ्हाइकं आली," मंदार म्हणाला. "दर वेळी आई हो म्हणते. टोकन घ्यायच्या दिवशी तिचं बीपी वाढतं आणि सगळं थांबतं. एजंटही आता फोन उचलत नाही. मॅडम, तुम्ही तिला पटवा."

पटवणं हे माझं काम नाही, हे मी त्यांना लगेच सांगितलं. मी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या विचारांवर वाढले आहे. माणसाला निवांतपणे, न अडवता ऐकून घेतलं की त्याला स्वतःचं म्हणणं स्वतःलाच ऐकू येऊ लागतं, यावर माझा इतक्या वर्षांच्या कामानंतरही तितकाच विश्वास आहे. काकूंना एकटीला पाठवा, म्हटलं.

काकू आल्या. बहात्तरीच्या, नीटनेटक्या, कमी बोलणाऱ्या. आणि पहिल्या दोन भेटींत मी चुकले. मुलगा-सुनेने हातात दिलेला शब्दच मी धरून बसले होते: आठवणी. काकांबद्दल विचारलं, गृहप्रवेशाबद्दल विचारलं, घराचा निरोप कसा घेता येईल यावर बोलले. त्यांनी सगळ्याची उत्तरं दिली. अगदी शहाण्या विद्यार्थिनीसारखी. डोळ्यांत पाणी मात्र एकदाही आलं नाही, आणि ते मला खटकायला हवं होतं.

तिसऱ्या भेटीत, काहीच सुचत नव्हतं म्हणून, मी विचारलं, "नवीन घर कसं असेल म्हणता? तुम्ही कुठे बसाल तिथे?"

"जिथे बसवतील तिथे."

मी पेन खाली ठेवलं. "आणि आता कुठे बसता?"

"आता? मी बसते दाराशी खुर्ची टाकून. येणारंजाणारं दिसतं."

आताच्या घरात 'मी बसते', नव्या घरात 'बसवतील'. मी तेच दोन शब्द त्यांना पुन्हा म्हणून दाखवले, बाकी काही बोलले नाही. काकू बराच वेळ पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. मग पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. बक्षीसपत्राचा मसुदा होता. काका गेल्यावर मुलगा आणि मुलगी दोघांनी हक्कसोड करून घर आईच्या नावावर केलं होतं. आता ते तिने मुलाला बक्षीस द्यायचं, म्हणजे विकणं आणि नव्या घराचं कर्ज घेणं सोपं, असं मंदारच्या वकिलांनी सुचवलं होतं. राहतं घर मुलाला बक्षीस देताना महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क नाममात्र लागतं. व्यवहार म्हणून त्यात काहीच वावगं नव्हतं.

"ताई, बक्षीस द्यायचं ते देणाऱ्याच्या मनात यावं लागतं ना?" काकू म्हणाल्या. "हे तर टाइप होऊन आलं."

मग त्या पहिल्यांदा सलग बोलल्या. मुलगा वाईट नाही, सून तर लेकीसारखी. पण नवं घर त्या दोघांच्या नावावर. उद्या मंदारला काही झालं तर? नाशिकची लेक माहेरपणाला यायची ती कुणाच्या घरी? "इथे मी तिला ये म्हणते. तिथे विचारून बोलवावं लागेल." हे विचारलं तर मुलाला वाटेल आईचा विश्वास नाही. म्हणून विचारलंच नव्हतं. बीपी मात्र खरंच वाढत होतं.

मला त्या दिवशी लख्ख दिसलं ते हे: सगळ्यांनी, माझ्यासकट, त्यांच्या साध्या व्यवहारी शंकेची 'भावना' म्हणून बोळवण केली होती. साठ वर्षांच्या पुरुषाने सहीआधी "माझं नाव कुठे?" असं विचारलं तर आपण त्याला सावध म्हणतो. बहात्तर वर्षांची बाई अडली की आठवणींत गुंतली. माझ्या कामातला हा धडा मी फार जपून ठेवला आहे. तेव्हापासून कुणी "आई भावनिक झालीय" म्हणालं, की मी आधी कागद कुठले आहेत ते विचारते.

चौथ्या भेटीत तिघं एकत्र बसले. काकूंनी तो प्रश्न स्वतः विचारला, मी फक्त शेजारी होते. मंदार दुखावला. "मी तुला बाहेर काढेन असं वाटलं तुला?" सायलीने त्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "मंदार, आईंच्या जागी मी असते तर मीही सही केली नसती." त्यानंतर खोलीतलं वातावरण बदललं.

अशा वाटेवर असलेल्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. वकिलाकडे जायच्या आधी घरात बसा. घर कुणाच्या पैशाचं, नवं कुणाच्या नावावर, आईची खोली कुठली, बहिणीचं काय, हे प्रश्न मुलानेच काढावेत, आईवर ते काढायची पाळी आणू नये. सगळ्यांचा होकार स्पष्ट झाल्याशिवाय टोकन घेऊ नका. 'पार्टी हातची जाईल' हे एजंटचं घड्याळ आहे, तुमचं नाही. नोंदणी झालेलं बक्षीसपत्र सहजी मागे घेता येत नाही. सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं घर, सांभाळ झाला नाही तर परत मिळवायची सोय २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात आहे, पण त्यासाठी आईने मुलाविरुद्ध अर्ज करायचा. तिथपर्यंत कुणाला जायचं असतं? आणि घर आईने स्वतः विकलं तर भांडवली नफा तिचा. दोन वर्षांच्या आत दुसरं घर घेऊन करसवलत मागायची तर त्या घरावर तिचं नाव असणंच सोयीचं. नेमकं काय करावं ते सीएला विचारा, पण विचारताना आईला सोबत न्या.

या कुटुंबाने ठाण्याच्या घोडबंदर रोडचा विचार सोडला. तिथे कर्ज काढावं लागलं असतं, आणि मालक म्हणून वयस्कर आईचं नाव घातलं की बँक तिलाही सहकर्जदार करायला सांगते. डोंबिवली पूर्वेला रीसेलचा टू बीएचके मुलुंडच्या पैशांत बसला. मंदारचा लोकलचा प्रवास वाढला आणि ठाण्यालाच घ्यायला हवं होतं असं तो अजूनही म्हणतो.

दिवाळीच्या आधी काकू भेटायला आल्या. फराळाचा डबा टेबलावर ठेवला आणि त्याच पिशवीतून एक कागद काढला. या वेळी इंडेक्स टूची, म्हणजे नव्या घराच्या नोंदणीच्या उताऱ्याची, झेरॉक्स होती. चष्मा लावून त्यांनी लिहून घेणाऱ्यांच्या, म्हणजे खरेदीदारांच्या, रकान्यावर बोट ठेवलं आणि पहिलं नाव मला मोठ्याने वाचून दाखवलं.