एवढं ध्यान करूनही चिडलेच ना मी!

«मावशी, दीड वर्षं झालं, रोज पहाटे पाऊण तास ध्यानाला बसते. दहा दिवसांचं शिबिरही केलं. खूप शांत झालेय असं सगळे म्हणायचे. मागच्या महिन्यात मुलाच्या हातून माझ्या लॅपटॉपवर पाणी सांडलं आणि मी त्याला इतकं वाट्टेल ते बोलले की तो थरथरायला लागला. नवरा म्हणाला, एवढं ध्यान करून काय उपयोग? तेव्हापासून बसणंच बंद केलंय. मी ढोंगी आहे असं वाटतं, रात्री झोप लागत नाही. - अस्वस्थ»

अगं बाळा, तुझं पत्र दोनदा वाचलं. राग येऊन गेला पाच मिनिटांचा, आणि तू स्वतःला मारतेयस महिनाभर, हे मला जास्त लागलं.

संयुत्त निकायात, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांच्या एका जुन्या पाली संग्रहात, सल्ल सुत्त म्हणून एक सुत्त, म्हणजे उपदेश, आहे. सल्ल म्हणजे बाण, आपण ‘मनात सल राहिला’ म्हणतो ना, तो शब्द त्याच मुळातला. बुद्ध म्हणतात, माणसाला एक बाण लागतो, आणि मग तो रडून, तळमळून, दुसरा बाण मनात घुसवून घेतो. तिथे मूळ बोलणं शरीराच्या दुःखाबद्दल आहे, पण मला ते तुझ्या झोप न लागण्याला अगदी तंतोतंत लागू पडतं असं वाटतं. मुलावर ओरडलीस हे एक झालं, ‘मी ढोंगी, माझं सगळं वाया’ हा त्याच्यावरचा दुसरा बाण, आणि तो तुझ्या नवऱ्याने नाही मारला बरं का, त्याच्या तोंडून एक वाक्य निघालं, रोज रात्री ते उगाळतेयस तू.

आणि ध्यान करणाऱ्याला राग येत नाही हे तुला सांगितलं कोणी? सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे सजगतेवरच्या बुद्धांच्या उपदेशात, तर असं आहे की मनात द्वेष असेल तर ‘हे द्वेषाने भरलेलं चित्त आहे’ असं साधक जाणतो. जाणतो, बस. बौद्ध परंपरेत मुक्तीच्या वाटेवर सोतापन्न, सकदागामी, अनागामी, अरहंत अशा चार पायऱ्या सांगितल्यात, आणि द्वेष मुळापासून सुटतो तो तिसऱ्या पायरीला, अनागामी झाल्यावर. पहिल्या पायरीवरच्यालाही राग येतो गं! आणि तू दीड वर्षात स्वतःकडून काय मागतेयस बघ. लोक ‘किती शांत झालीस’ म्हणायला लागले ना, तिथेच कुठेतरी ध्यान बाजूला राहिलं आणि शांत दिसणं हीच परीक्षा होऊन बसली असं मला वाटतं. कठोर बोलतेय, पण तू विचारलंस म्हणून.

सोण नावाचा भिक्खू होता, सुखात वाढलेला, त्याने चंक्रमण, म्हणजे येरझारा घालत करायचं ध्यान, करून करून पाय रक्तबंबाळ करून घेतले आणि मग काही हाती लागत नाही म्हणून घरी परत जायचा विचार करायला लागला. बुद्धांनी त्याला विचारलं, तू आधी वीणा वाजवायचास ना, तारा फार ताणल्या तर वाजायची का? आणि ढिल्या सोडल्या तर? तुझं तेच झालंय, आधी ताणलीस, आता सोडूनच दिलीस.

पण हे सगळं ऐकून ‘चला, राग चालतो’ असं समजू नकोस हं. मूल थरथरलं, ते खरं आहे, ते तसंच सोडता येत नाही. बुद्धांनी स्वतःच्या मुलाला, राहुलला, विचारलं होतं की आरसा कशासाठी असतो, तो म्हणाला बघण्यासाठी, मग ते म्हणाले कृतीकडेही तसंच बघ, करण्याआधी, करताना आणि केल्यानंतरसुद्धा. केल्यानंतर कळलं की या बोलण्याने कुणाला इजा झाली, तर ते उघडपणे कबूल करायचं आणि पुढे सावध राहायचं. तिथे महिनाभर उपाशी मनाने स्वतःला कोसत बसायचं असं कुठेच नाहीये. तुझ्या अख्ख्या पत्रात गिल्ट आहे, पण मुलाला सॉरी म्हटलंस का, हे एका ओळीतही नाही.

तर आज तो झोपायच्या आधी त्याच्या शेजारी बस. ‘त्या दिवशी मी तुझ्यावर ओरडले, ते चुकलं माझं, तू घाबरलास ते मला दिसलं होतं’ एवढंच. ‘पण तूही लक्ष द्यायला हवं होतं’ हे शेपूट लावू नकोस, लॅपटॉपचं नंतर बघू. तो गप्प राहिला तर राहू दे, लगेच मिठी मारेल अशी अपेक्षा धरू नकोस.

आणि पहाटे पाऊण तास नको सध्या, दहाच मिनिटं बस, श्वास येतोय जातोय तेवढं बघ. छातीत धडधड, जबडा आवळलेला, हे दिवसाही कधी जाणवलं तर बोलायच्या आधी एक श्वास थांब. कधी जमेल, कधी बोलून झाल्यावर लक्षात येईल. झोप तरीही आलीच नाही अजून दोन-तीन आठवडे, तर डॉक्टरांना दाखव, त्यात कमीपणा काही नाही.

मुलगा काय म्हणाला ते मला लिही.

तुझी,
मावशी