सीडी माझ्याकडे चालते, दुसरीकडे नाही

प्रश्न : मुलीच्या लग्नाचे फोटो सीडीवर घेतले. माझ्या विंडोज ७ मध्ये दिसतात, स्टुडिओत मात्र सीडी कोरी दाखवते. फोटो गेले का?

गेलेले नाहीत. सीडी राइट करताना ‘यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी’ हा पर्याय निवडला गेला असावा आणि तिचं सेशन, म्हणजे लिहिण्याचं सत्र, उघडंच राहिलं असावं. ज्या कॉम्प्युटरवर फोटो दिसतात त्यातच ती घाला, ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘क्लोज सेशन’ द्या. तरीही अडलं, तर फोटो हार्ड डिस्कवर उतरवा आणि नव्या सीडी-आरवर (एकदाच लिहिता येणारी सीडी) ‘मास्टर्ड’ पर्यायाने लिहा; विंडोज ७ मध्ये तो ‘सीडी/डीव्हीडी प्लेअरसह’ (With a CD/DVD player) या नावाने दिसतो.

प्रश्न : वडिलांनी गायलेले ४० अभंग एमपी३ करून सीडी-आरडब्ल्यूवर (पुसून पुन्हा लिहिता येणारी सीडी) घेतले. आईच्या जुन्या डेकवर एकही वाजत नाही.

तो डेक फक्त ऑडिओ सीडी ओळखतो, एमपी३ ही त्याच्या लेखी निव्वळ फाइल. बर्निंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘डेटा’ऐवजी ‘ऑडिओ सीडी’ निवडा. मग आवाज सेकंदाला ४४,१०० नमुने, १६ बिट, स्टिरिओ असा, न आकसता लिहिला जातो. त्यात एमपी३चा लहान आकार कामाला येत नाही. ७०० एमबीच्या सीडीवर ८० मिनिटंच मावतात. सहा-सहा मिनिटांचे अभंग असतील तर एका सीडीवर तेरा, म्हणजे एकूण चार सीड्या लागतील.

आरडब्ल्यू मात्र वापरू नका. छापील सीडी लेझरचा साधारण ७० टक्के प्रकाश परतवते, आरडब्ल्यू १५ ते २५ टक्केच. जुन्या डेकला तेवढा पुरत नाही. सीडी-आर घ्या आणि शेवटी ती फायनलाइज करायला, म्हणजे लिहिणं कायमचं बंद करायला, विसरू नका. मूळ रेकॉर्डिंग वेव्ह (न आकसलेल्या आवाजाच्या) फाइलमध्ये असेल तर तेच वापरा. एमपी३ करताना गेलेला आवाज परत येत नाही, आणि हा आवाज पुन्हा रेकॉर्ड होणार नाही.

प्रश्न : मॅकवर लिहिलेली सीडी विंडोजवर उघडत नाही.

फक्त मॅकसाठीची पद्धत निवडली गेली असेल. मॅक आणि पीसी दोन्हींसाठीची निवडून नव्या सीडीवर लिहा.

प्रश्न : फाइलींची देवनागरी नावं काही ठिकाणी तुटक, अगम्य दिसतात.

सीडीवर फाइली मांडण्याचं जे प्रमाण आहे, त्या आयएसओ ९६६० च्या पहिल्या पातळीत नावाला आठ अक्षरं, पुढे एक्स्टेन्शनची तीन. तीही इंग्रजी कॅपिटल, अंक आणि अंडरस्कोर एवढीच. जोलिएट ही त्याची लांब नावांसाठीची पुरवणी जोडली की ६४ अक्षरांपर्यंत देवनागरी चालतं, पण जोलिएट न ओळखणारं यंत्र आखूड नावच दाखवतं. म्हणून मी नावाआधी ०१, ०२ असे क्रमांक इंग्रजी अंकांत टाकतो आणि देवनागरी यादी कागदावर छापून कव्हरात ठेवतो. सीडीवर बॉलपेनने लिहू नका. खालचा थर ओरखडतो.